नजर आधी बादलीवर गेली

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

एरवी या सदराला येणारी पत्रं लेन्सबद्दल असतात. पन्नास एमएम घेऊ की झूम, ट्रायपॉड कोणता, पावसात कॅमेरा कसा जपू. गेल्या तीन महिन्यांत मात्र वेगळीच पत्रं साठली. आपल्यासारख्याच एखाद्या हौशी माणसानं फोटो समोर ठेवला की त्याबद्दल बोलायचं कसं, हा त्या सगळ्यांचा प्रश्न. मला तो लेन्सपेक्षा मोठा वाटतो. चांगली नजर असलेली माणसं याच एका गोष्टीपायी फोटो काढायची थांबलेली मी पाहिली आहेत. म्हणून आजची सगळी जागा त्यालाच. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं देते.

प्रश्न : आमचा १४ जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात जमतो, प्रत्येकजण दोन फोटो आणतो. सगळे एकमेकांना ‘मस्त’, ‘कडक’, ‘एक नंबर’ म्हणतात आणि चहा पिऊन घरी जातात. गेल्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांचा फोटो आणला होता. मी म्हटलं, ‘आकाश पूर्ण पांढरं झालंय, एक्स्पोजर चुकलंय.’ ते गप्प झाले आणि चहालाही थांबले नाहीत. मी खोटं बोललो नव्हतो. मग चुकलं कुठं? (इचलकरंजी)

उत्तर : तुम्ही खोटं बोलला नाहीत, पण निकाल आधी दिलात आणि फोटो नंतर पाहिलात. आकाश पांढरं झालंय हे त्या गृहस्थांनाही दिसत असणार. बैलगाड्यांसाठी ते रस्त्यावर उभे राहिले असतील, गाडी जवळ आल्यावर एका बैलाकडं त्यांचं लक्ष गेलं असेल, आणि त्यातून तो फोटो झाला असेल. त्यातलं काहीच तुम्ही विचारलं नाहीत.

माझ्या हातून याहून मोठी चूक झाली आहे. ती सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते त्या चुकीतूनच आलं.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळात तासगावकडचा एक तरुण यायचा. त्यानं आईचा फोटो आणला. दारात बसून ती सुपात जोंधळा निवडते आहे, सकाळचं ऊन एका बाजूनं गालावर आलेलं, मान किंचित वळलेली. आणि तिच्या मागं निळी प्लॅस्टिकची बादली. मी मंडळातली जुनी. मी म्हटलं, “बाकी उत्तम. ती बादली तेवढी काढायला हवी होती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंही डोलावली.

पुढच्या महिन्यात तो नवा फोटो घेऊन आला. बादली नव्हती. दार झाडून घेतलेलं. आई काठापदराचं लुगडं नेसून ताठ बसलेली, कॅमेऱ्याकडं बघत, सूप बक्षीस मिळाल्यासारखं दोन्ही हातांत धरलेलं. मी सांगितलेलं सगळं त्यानं मनापासून केलं होतं आणि फोटोतला जीव गेला होता. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा विचारलं की तो आधीचा फोटो तू का काढलास. तो म्हणाला, “आमच्यात नळाला पाणी अर्धाच तास येतं. आई बादली लावून निवडत बसते. हात सुपात असतो आणि कान नळाकडं.”

आईची मान वळली होती ती नळाकडं. मी जी बादली काढायला लावली, तिच्यासाठीच तो फोटो होता.

त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं हे मी खूपदा मनात घोळवलं आहे. माझं उत्तर असं : “माझी नजर आधी बादलीवर गेली, मग आईच्या चेहऱ्यावर. त्या दोघींचा काही संबंध आहे असं वाटतं, पण तो मला कळला नाही.” एवढं पुरे होतं. त्यानं पाण्याची गोष्ट सांगितली असती. मग आपण दोघांनी मिळून शोधलं असतं की एक पाऊल डावीकडं सरकला असतास तर नळ आणि पाण्याची धारही चौकटीत आली असती का. ही सूचना त्याच्या फोटोच्या पोटातून आली असती. मी दिलेली सूचना माझ्या सवयीतून आली होती. मागं पसारा नको, ही आम्हा स्टुडिओवाल्यांची सवय.

तेव्हापासून आमच्या मंडळात क्रम असा आहे. प्रिंट टेबलावर ठेवली की पूर्ण एक मिनिट कुणी बोलायचं नाही. एक मिनिट फार मोठं असतं, घड्याळ लावून पाहा. ज्याचा फोटो आहे त्यानंही गप्प राहायचं, कारण ‘ही माझी आजी’ असं त्यानं एकदा म्हटलं की सगळ्यांना फक्त आजी दिसते. मग प्रत्येकानं एवढंच सांगायचं की आपली नजर पहिल्यांदा कुठं गेली, नंतर कुठं, आणि चौकटीबाहेर कुठून निघून गेली. चांगलं, वाईट, बरोबर, चूक हे शब्द अजून काढायचे नाहीत. सगळ्यांचं झालं की फोटोवाला बोलतो : मला काय दिसलं होतं, मला काय हवं होतं. आणि मगच सूचना. तीही प्रत्येकानं एकच, आणि पुढच्या वेळी त्याला करता येईल अशी.

या पद्धतीत भांडण होत नाही, कारण ‘माझी नजर वरच्या पांढऱ्या पट्ट्यावर अडकली, गाडीवानाचा चेहरा मला उशिरा दिसला’ या वाक्याशी कोण भांडणार? ते तुमच्या डोळ्यांचं सांगणं आहे. ‘एक्स्पोजर चुकलं’, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड जास्त घेतला, हा मात्र त्या माणसाबद्दलचा निकाल होतो. शिवाय तो तपासून पाहा, खरा ठरतोच असं नाही. भर दुपारी पांढरं आकाश आणि फेट्याच्या सावलीतला काळवंडलेला चेहरा ही दोन्ही एका फोटोत नीट येणं बहुतेक कॅमेऱ्यांच्या आवाक्याबाहेर असतं. आकाश राखलं असतं तर चेहरा काळा पडला असता. त्यांनी चेहरा निवडला असेल, तर निवड योग्यच होती. मग बोलायचं ते आकाश चौकटीत कमी कसं घ्यावं, यावर. रस्त्याच्या कडेच्या बांधावर चढून खाली बघत काढला तर मागं उसाचा हिरवा येईल. किंवा तीच वाट सकाळी आठला.

‘मस्त’ आणि ‘कडक’बद्दलही. हे शब्द वाईट नाहीत, त्यांत प्रेम असतं. पण त्यांतून पुढच्या फोटोसाठी काही हाताला लागत नाही. ‘बैलाच्या मानेवर जू घासून केस गेलेली जागा दिसते, तिथं मी थांबलो’ असं कुणी म्हटलं, तर तो माणूस पुढच्या वेळी आणखी जवळ जाईल. आपल्याला काय दिसतं हे त्याला दुसऱ्याकडून कळलेलं असतं.

त्या ज्येष्ठ सभासदांकडं तुम्ही स्वतः जा. पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. तो फोटो पुन्हा दाखवा म्हणा, आणि बैलांबद्दल विचारा.

प्रश्न : मी व्ह्यूफाइंडरमध्येच फ्रेम पूर्ण करतो, नंतर फोटो कापत नाही. वारीतल्या माझ्या फोटोवर एकानं सांगितलं, ‘उजवीकडून कापा’, दुसरा म्हणाला, ‘रूल ऑफ थर्ड्स पाळलेला नाही.’ क्रॉप सुचवणं हा अपमानच नाही का? (नाशिक)

उत्तर : नाही. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांना फोटो कापलेला मुळीच खपत नसे. तरी त्यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो, पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागं साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा, १९३२ सालचा, कापलेला आहे. फळ्यांच्या कुंपणातल्या फटीतून तो घेतला होता आणि एका बाजूनं फळी आडवी आली होती. मग ती कापली.

पण सुचवायची पद्धत महत्त्वाची. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे दोन तुकडे कापा. ते प्रिंटवर ठेवून सरकवले की हवी ती चौकट तयार होते. आमच्याकडं हे तुकडे ज्याचा फोटो त्याच्याच हातात देतात. दुसऱ्यानं बोटानं दाखवलं की माणूस बचाव करतो. स्वतः सरकवू लागला की शोधू लागतो. कधी कधी सगळीकडून सरकवून झाल्यावर तो तुकडे बाजूला ठेवतो आणि म्हणतो, होतं तेच बरं आहे. तेही चालतं.

रूल ऑफ थर्ड्सचं, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय मधोमध न ठेवता त्या रेघांवर ठेवायच्या नियमाचं, नाव घेणारा अभिप्राय मात्र बाजूला ठेवा. हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली ग्रामीण निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात वापरलं, तेव्हा फोटो काढणारा कॅमेरा जन्मालाही आला नव्हता. नियम उपयोगी आहे, मी नवशिक्यांना शिकवते. पण ‘नियम मोडला’ हे सांगून तुम्हाला काय कळलं? ‘वारकऱ्याच्या चेहऱ्यापुढं जागाच उरली नाही, तो चौकटीवर आपटेल असं वाटतं’ असं त्यांनी म्हटलं असतं, तर तुम्ही विचार केला असता की गर्दीतली ती घुसमट तुम्हाला हवी होती की नको होती. पुढच्या वेळी त्यांना तेवढंच विचारा : नियम राहू द्या, तुम्हाला काय वाटलं?

प्रश्न : आम्ही सातजण पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेलो होतो. आमच्यातली एक मैत्रीण मोबाइलवर फोटो काढते. भंडारा उधळण्याचा तिनं पकडलेला क्षण आम्हा सगळ्यांपेक्षा सरस आहे. पण हळद म्हणजे नुसता पिवळा रंग फासल्यासारखी दिसते. मला नेमकं कारण सांगता आलं नाही. मोठा कॅमेरावाला मोबाइलवालीला शिकवतोय असंही व्हायला नको. (कोल्हापूर)

उत्तर : या पत्रावर मी खूश आहे. क्षण सरस आहे हे तुम्ही आधी लिहिलंत, दोष नंतर. बोलतानाही हाच क्रम ठेवा, आणि क्षण सरस का ते नेमकं सांगा. मूठ उघडली त्या पळात तिनं दाबलं का? ढोलवाल्याची नजर वर गेलेली आहे का? ते तिला सांगितलंत की पुढचं बोलणं सोपं जातं.

आता हळद. कारण माहीत नसेल तर अभिप्राय नुसतीच तक्रार होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅमेऱ्याचा सेन्सर, मोबाइलचाही, प्रकाश लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांत मोजतो. हळद लाल आणि हिरवा भरभरून परतवते आणि निळा जवळजवळ सगळा गिळून टाकते. उन्हात लालाचं माप सगळ्यांत आधी काठोकाठ भरतं. जेपेग फोटोत ही वरची मर्यादा २५५ आहे. एकदा लाल तिथं पोचला की मुठीतली हळद, हवेत उडालेली हळद आणि धोतरावर पडलेली हळद, तिन्ही ठिकाणी तोच आकडा. मग कण दिसणार कसे? आकडे सारखे झाले की पोत जातो आणि पिवळा पत्रा उरतो. गंमत अशी की एकूण उजेडाचा हिस्टोग्रॅम, म्हणजे डावीकडं अंधार आणि उजवीकडं उजेड दाखवणारा आलेख, बघितला तर तो निर्दोष दिसतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्रॅम उघडला की लालाचा ढीग उजव्या भिंतीला चिकटलेला सापडतो. त्यावर मोबाइल आपल्या मनानं रंग आणखी गडद करतो, आणि घरी आल्यावर आपण सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करायची, पट्टी पुढं ओढतो. तिथं उरलेसुरले कणही जातात.

उपाय तिच्या हातातल्या मोबाइलवरच आहे. पडद्यावर हळदीच्या सर्वांत उजळ भागावर बोट टेकवायचं, बहुतेक मोबाइलवर तिथं सूर्याचं चिन्ह उमटतं, ते थोडं खाली ओढायचं. चित्र डोळ्याला किंचित अंधारं वाटेल, वाटू द्यावं. चेहरे नंतर उजळता येतात, गेलेले कण परत येत नाहीत. तुमच्या कॅमेऱ्यात हेच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे दोन तृतीयांश ते उणे एक ठेवून होतं. शक्य असेल तर ऊन भंडाऱ्याच्या मागून यावं असं उभं राहा. मागून ऊन आलं की प्रत्येक कण वेगळा पेटतो.

हे मी यात्रेत शिकले नाही. यात्रेत सराव करायला वेळ कुठला! सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तिथं मी एक अख्खा उन्हाळा गेले. पोत्यातून ओतलेली हळकुंडं, हमालांच्या हातांना लागलेली हळद, पत्र्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप. पहिले शंभरेक फोटो वायाच गेले. तुमच्या मैत्रिणीला शिकवल्यासारखं वाटू नये, याचा रस्ता त्यातूनच सांगते. तुमचाही भंडाऱ्याचा गेलेला एखादा फोटो असणारच, मोठ्या कॅमेऱ्यातला. तो तिच्या फोटोशेजारी ठेवा आणि म्हणा, हे बघ, माझंही इथंच गेलं, आपण कारण शोधू या.

आणि पुढच्या वर्षी यात्रेत लेन्स बदलू नका. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड. हळद आत गेली की निघत नाही.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या मुलानं कॅमेरा दिल्यापासून रोज सकाळी गच्चीतल्या जास्वंदीचे फोटो काढतात आणि मी डबे भरत असताना दाखवायला येतात. रोज तेच फूल, मधोमध, फ्लॅश मारून. मी ‘छान आलाय, बाबा’ म्हणते आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. खरं किती सांगू? (ठाणे)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझे मामंजी आठवले.

१९७८ साली लग्न होऊन मी मिरजेत आले. मामंजींचा फोटो स्टुडिओ होता, आणि काही महिन्यांत त्यांनी मला निगेटिव्ह रिटचिंगला बसवलं. दुधी काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ होऊन येते. तिच्यावर पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये ती फिकी होते. दिवसाला दहा-बारा चेहरे व्हायचे. संध्याकाळी मामंजी त्या दिवशीच्या प्रिंट माझ्यापुढं ठेवायचे आणि विचारायचे, “सूनबाई, कसा वाटतो?” मी नवी सून. मी म्हणायची, “छान आहे.” आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाले, “छान म्हणू नकोस. कुठं बघितलंस ते सांग.”

मला आधी भीतीच वाटली. मग एका नवरीच्या फोटोवर मी सांगितलं, “मी आधी तिच्या हाताकडं बघितलं. मूठ आवळलेली आहे.” मामंजींनी चष्मा वर करून प्रिंट जवळ घेतली. चेहरा हसरा होता आणि मूठ आवळलेली होती. ते इतकंच म्हणाले की बरोबर. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकाला फोटोआधी हात सैल सोडायला सांगू लागले. सत्तरीतला माणूस, चाळीस वर्षांचा धंदा, आणि विशीतल्या सुनेच्या एका वाक्यावर त्यांनी सवय बदलली. नजर कुठं गेली ते सांगायचं, असं इचलकरंजीच्या वाचकाला वर जे लिहिलं ते मुळात मामंजींचं आहे.

तर तुमच्या बाबांना खरं सांगा, पण डबे भरताना नाही. त्यांना म्हणा, “बाबा, सकाळी माझं लक्ष नसतं. रविवारी चहाला बसून बघू. आठवड्यातले पाच निवडून ठेवा.” ही टाळाटाळ नाही. तीसातून पाच निवडणं हेच शिकण्यातलं सर्वांत मोठं काम आहे, आणि ते त्यांनी स्वतः करायचं आहे. जमलं तर त्या पाचांच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढून आणा. मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकतं, प्रिंटवर नजर थांबते.

मग एकच गोष्ट. फ्लॅशबद्दल. समोरून फ्लॅश पडला की लाल जास्वंदीचं तेच होतं जे वर भंडाऱ्याचं झालं : लाल काठोकाठ भरतो आणि पाकळीवरच्या शिरा जातात. त्यांना सांगा, “मी शिरा शोधत होते, दिसल्या नाहीत.” फ्लॅश बंद करून सकाळी सातच्या तिरप्या उजेडात, फुलाच्या पातळीवर बसून काढायला सुचवा. जास्वंदीच्या मधल्या दांड्याच्या टोकाला पाच लाल मखमली ठिपके असतात. ते पाचही स्पष्ट यायला हवेत, एवढं काम त्यांना महिनाभर पुरेल. गुडघे दुखत असतील तर कुंडी स्टुलावर ठेवा.

रोज तेच फूल काढतात याची काळजी करू नका. मला तर त्याचा हेवा वाटतो.

प्रश्न : एका मित्राच्या घरट्याच्या फोटोला सगळ्यांनी टाळ्या दिल्या. पिल्लं, चोच, डोळा, सगळं शार्प. पण आजूबाजूची पानं तोडलेली असावीत अशी मला शंका आहे. बोलू का? (सातारा)

उत्तर : बोला, पण एकट्यात, आणि आधी विचारा : हा काढला कसा? शंका खरी निघाली तर शार्पनेसचं कौतुक करत बसू नका. ती पानं पिल्लांना उन्हापासून आणि कावळ्यांपासून लपवत होती. माणूस वारंवार जवळ गेला की पक्षी घरटं सोडूनही जातात. अनेक स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत ते यामुळे. आमच्या मंडळातही आम्ही ते टेबलावर ठेवत नाही. मित्राला बरोबर घेऊन एखाद्या सकाळी भिगवणला उजनीच्या पाण्यावर जा. होडीत बसून दुरून रोहित पक्षी काढताना धीर धरावाच लागतो.

प्रश्न : ऑगस्ट २०१९च्या महापुरात मी बचावाच्या बोटीतून एक फोटो काढला होता. छपरावर बसलेली एक म्हातारी, मांडीवर ट्रंक. इतकी वर्षं तो कुणाला दाखवला नव्हता. गेल्या महिन्यात दाखवला. सगळे त्रिकोणी रचना, पाण्यातलं प्रतिबिंब, ब्लॅक अँड व्हाइट केला तर कसा दिसेल यावर बोलत राहिले. मला बसवेना, मी बाहेर आलो. मी जास्त हळवा झालो का? (सांगली)

उत्तर : नाही झालात.

त्या पुरानंतर महिना-दीड महिना माझ्या अंगणात लोक भिजलेले अल्बम घेऊन येत होते. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे. फोटो कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असतो. पाण्यात ते फुगतं आणि चिखलासकट शेजारच्या फोटोला चिकटतं. तसंच वाळू दिलं तर दगड होतो. म्हणून मी सांगायची, वाळवू नका, ओलेच आणा. पसरट घमेल्यात स्वच्छ गार पाणी घेऊन एकेक फोटो हलक्या हातानं सोडवायचा, धुवायचा आणि चेहरा वर करून सावलीत ठेवायचा. काचेच्या फ्रेममधले तर काचेला चिकटून बसलेले. बरेचसे वाचले, बरेच गेले. त्या दिवसांत फोटोच्या रचनेवर कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही, आणि फोटो इतके महत्त्वाचे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

तरी तुमच्या सोबत्यांवर मी रागावणार नाही. त्यांना बोलता येतं ते रचनेचं, तीच भाषा आम्ही मंडळांनी त्यांना शिकवली. अशा फोटोसमोर पहिला प्रश्न हा हवा : ही कोण, आणि तुम्ही तेव्हा कुठं होतात? हा प्रश्न रचनेचाही आहे. तुम्ही बोटीत उभे होतात की बसलेले? उभं राहून काढला असेल तर म्हातारी खाली, आपण वर, आणि बघणाऱ्यालाही तिच्याकडं वरून बघावं लागतं. बसून काढला असेल तर तुमचे डोळे तिच्या डोळ्यांसमोर असतील. कुणी हे विचारलं असतं तर तुम्ही बाहेर गेला नसता असं मला वाटतं. ब्लॅक अँड व्हाइटचं म्हणाल तर करू नका. पुराच्या पाण्याला एक रंग होता, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

त्या मंडळात हा फोटो पुन्हा एकदा न्या, आणि या वेळी प्रिंट ठेवण्याआधी सांगा की आज एक मिनिट नाही, तीन मिनिटं गप्प बसायचं आहे.

तुम्हाला ते गाव माहीत आहे, छप्परही. इतक्या वर्षांत म्हातारी असेल किंवा नसेल, घरचं कुणीतरी असेलच. त्यांचे जुने फोटो त्या पाण्यात गेले असण्याची शक्यता मोठी आहे. एक प्रिंट घेऊन जा, ८ बाय १२ची, फ्रेम न करता. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात, आणि हा फोटो त्या घरात हातोहात फिरणार आहे.